दुप्पट लावली की गेलेले पैसे परत येतात का?

“हरलो तर पुढच्या सामन्यावर दुप्पट लावायची. पुन्हा हरलो, पुन्हा दुप्पट. कधी ना कधी जिंकणारच. जिंकलो की मागचं सगळं भरून निघेल आणि वर थोडे सुटतीलही. यात चूक कुठे आहे?”

आयपीएलच्या दिवसांत पुणे-लोणावळा लोकलमध्ये हा प्रश्न सहज कानावर पडतो. विचारणारा मूर्ख नसतो. त्याच्या म्हणण्यातली एकेक पायरी सुटी करून पाहिली तर खरी वाटते, म्हणून तर शिकलेली मुलंही यात सापडतात. अलीकडे याच प्रश्नाला एक नवं शेपूट फुटलं आहे: “मी अंदाजपंचे लावत नाही. माझ्याकडे पाच वर्षांची आकडेवारी आहे, संगणकावर मॉडेल आहे. मग चढती रक्कम लावायला काय हरकत?”

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कशावर लावायचं हा एक, आणि किती लावायचं हा दुसरा. दुसऱ्याचं चतुर उत्तर सापडलं की पहिल्याची गरजच उरत नाही, असा समज सट्ट्याच्या दुनियेत घट्ट रुजला आहे. या प्रकरणात तो समज हिशेबाने तपासायचा आहे. क्रिकेटवर सट्टा लावणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. तेव्हा पुढचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत, वापरून पाहण्यासाठी नाहीत.

१. भाव काय सांगतो

दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरू. कोणीही जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. अशा वेळी १०० रुपये लावून जिंकल्यास १०० मिळाले तर सौदा बरोबरीचा. पण बुकी दोन्ही संघांना ९० पैशांचा भाव देतो. म्हणजे जिंकलात तर रुपयाला ९० पैसे मिळतात, हरलात तर पूर्ण रुपया जातो.

शंभर-शंभरच्या दहा पैजा लावल्या, पाच जिंकल्या, पाच हरल्या. आले ४५०, गेले ५००. हजार रुपये फिरवले आणि ५० गेले, म्हणजे शेकडा ५. ही बुकीची कमाई. त्याला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नसतं, दोन्ही बाजूंना पैसा लागला की त्याचं काम झालं. या भावात नुसतं बरोबरीत सुटायचं असेल तर शंभरातले जवळजवळ ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. हा ५३चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

२. दुपटीचा हिशेब

आधी बुकीची कमाई बाजूला ठेवू आणि सौदा बरोबरीचा मानू. सुरुवात १०० रुपयांनी. मग २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. सात पैजांची बेरीज १२,७००. खिशात एवढेच आहेत असं समजू.

सातपैकी कुठल्याही पैजेवर जिंकलात की मागचं भरून निघतं आणि १०० रुपये हातात राहतात. सातही हरण्याची शक्यता १२८ मध्ये एक. म्हणजे १२८ फेऱ्यांपैकी सरासरी १२७ फेऱ्यांत शंभर-शंभर मिळणार, एकूण १२,७००. आणि उरलेल्या एका फेरीत जाणार बरोबर १२,७००. शिल्लक शून्य.

“माझ्याकडे जास्त भांडवल असेल तर?” आठ पैजांपुरते, म्हणजे २५,५०० रुपये आहेत असं धरा. आता सगळं जाण्याची शक्यता २५६ मध्ये एक. २५५ वेळा शंभर मिळाले, म्हणजे २५,५००. एकदा गेले २५,५००. पुन्हा शून्य. भांडवल वाढवलं की संकट जेवढं दुर्मीळ होतं, बरोबर तेवढंच मोठं होतं.

आता बुकीचा खरा, ९० पैशांचा भाव घेऊ. पहिलीच पैज जिंकली तर नफा ९०. पहिली हरून दुसरी जिंकली तर १८० आले, १०० आधी गेले होते, उरले ८०. तिसऱ्यावर जिंकलात तर ६०, चौथ्यावर २०. पाचव्या पैजेवर १,६०० लावले आणि जिंकले तर १,४४० मिळतात, पण तोपर्यंत १,५०० गेलेले असतात. म्हणजे जिंकूनही ६० रुपयांचा तोटा. “कधी ना कधी जिंकणारच” हे खरं धरलं तरी पाचव्या पायरीपासून जिंकण्याने भागत नाही. तिप्पट लावून हे टाळता येईल असं कोणी म्हणेल. तिपटीत सातव्या पैजेला ७२,९०० रुपये लागतात.

लोणावळ्याच्या बाजारातल्या चिक्कीवाल्याचं उदाहरण घ्या. पाकिटाला खर्च १०० रुपये आणि विक्री ९५ला, असा धंदा त्याने केला तर आज दहा पाकिटं, उद्या वीस, परवा चाळीस विकून तो फायद्यात येईल का? पाकिटं कोणत्या क्रमाने वाढवली याला काही अर्थ नाही. प्रत्येक पाकिटात तोटा आहे आणि तोट्यांची बेरीज तोटाच येते. पैजांचंही असंच आहे. शंभराला पाच रुपये जाणाऱ्या पैजा कशाही रचा, जेवढे रुपये एकूण लावाल त्याच्या शेकडा ५ सरासरीने जाणार. दुपटीने फक्त एकूण लावलेले रुपये वाढतात.

या दुपटीच्या पद्धतीला युरोपात मार्टिंगेल म्हणत. हे नाव १९३९ मध्ये ज्याँ विल या फ्रेंच गणितज्ञाने गणितात आणलं. पुढे अमेरिकेत जोसेफ डूब यांनी त्यावर पूर्ण शास्त्र उभं केलं. त्यातला आपल्या कामाचा निष्कर्ष असा: भांडवल आणि वेळ मर्यादित असेल, तर बरोबरीच्या खेळात रक्कम बदलण्याचा कोणताही नियम सरासरी नफा निर्माण करू शकत नाही. आजवर सुचलेले आणि यापुढे सुचणारे सगळे नियम यात आले.

३. सलग सात वेळा कोण हरतं?

१२८ मध्ये एक ही शक्यता फार लहान वाटते. पण ती एका फेरीची आहे, आणि माणूस एका फेरीवर थांबत नाही. २०२२ पासून आयपीएलच्या हंगामात ७४ सामने असतात. प्रत्येक सामन्यावर निम्म्या शक्यतेची एक पैज लावणाऱ्याला हंगामात कुठेतरी सलग सात हार लागण्याची शक्यता चारात एकाच्या आसपास येते. २०० पैजा लावणाऱ्यासाठी ती निम्म्याहून थोडी जास्तच आहे.

सहा वेळा हरल्यावर “आता तरी आपली बाजू येणार” असं मनापासून वाटतं. पण सातव्या सामन्यातल्या गोलंदाजाला तुमच्या सहा पैजा ठाऊक नसतात. शक्यता निम्मी होती, निम्मीच राहते. बदललेली असते ती तुमची जोखीम. पहिल्या पैजेला १०० रुपये होते, आता ६,४०० आहेत, आणि तेही फक्त शंभर रुपये मिळवण्यासाठी.

४. चढतीचे इतर प्रकार

दुप्पट फार वेगाने चढते म्हणून सौम्य पद्धती निघाल्या. एकीत मागच्या दोन रकमांची बेरीज पुढे लावतात: १००, १००, २००, ३००, ५००, ८००, १,३००. हीच संख्यामाला आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदशास्त्रात मांडली, जगात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. दुसरीत हरलं की शंभर वाढवायचे, जिंकलं की शंभर कमी करायचे. सात हारांनंतर पहिलीत ३,३०० जातात, दुसरीत २,८००. पडणं हळू आहे, तसं सावरणंही हळू.

या सगळ्या पद्धती एक गोष्ट मात्र खरोखर करतात. त्या तोट्याचा आकार बदलतात. पुष्कळ छोटे विजय आणि मध्येच एखादा प्रचंड तोटा, अशी रचना तयार होते. म्हणून वहीत महिनोन्‌महिने नफा दिसतो, मित्रांना दाखवता येतो, पद्धत सिद्ध झाली असं वाटू लागतं. माझ्या मते चढत्या रकमेचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. सरळ हरणारा माणूस लवकर थांबतो. जिंकत जिंकत बुडणाऱ्याला थांबण्याचं कारणच दिसत नाही.

५. युधिष्ठिर आणि नल

सभापर्वातलं द्यूत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखं आहे. युधिष्ठिर प्रत्येक हारीनंतर पण वाढवत जातो. रत्नं, सोनं, रथ, हत्ती, राज्य, मग भाऊ, मग स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. समोर शकुनी आहे, खेळच आपल्या बाजूचा नाही, हे एका पणाच्याही आकाराने बदललं नाही.

वनपर्वात बृहदश्व ऋषी याच युधिष्ठिराला नलाची गोष्ट सांगतात. राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकून त्याच्या फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. मग तो ही विद्या, अक्षहृदय, ऋतुपर्णाकडून शिकून घेतो. त्या काळी फासे बेहड्याच्या बियांचेच असत, आणि हे झाड आजही सह्याद्रीच्या रानात आहे. थोडंसं पाहून पूर्णाचा अंदाज बांधणं आणि फाशांची विद्या या दोन गोष्टी कथेने एकत्र ठेवल्या आहेत, ही फार खोल जाण आहे. परत आल्यावर नल रक्कम चढवत बसत नाही. ज्याच्याकडे राज्य हरला होता त्या पुष्कराकडून तो एकाच पणात सगळं जिंकून घेतो.

६. गहुंज्याजवळचा डोंगर

कथेतून मावळात येऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम आहे. मार्च २०२१ मध्ये तिथे भारत-इंग्लंडचे तीन एकदिवसीय सामने झाले, २३, २६ आणि २८ तारखेला. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. दुसऱ्या सामन्याच्या वेळी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी छापे टाकून ३३ जणांना पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यातले काही जण मैदान दिसेल अशा डोंगरावर आणि उंच इमारतीत दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन बसले होते.

रिकाम्या स्टेडियमचा सामना घरी टीव्हीवर छान दिसत असताना डोंगर कशाला चढायचा? कारण थेट प्रक्षेपण पूर्ण थेट नसतं. मैदानातला चेंडू उपग्रहामार्गे घरच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात, मोबाइलवर त्याहून जास्त. विकेट पडली की भाव बदलतो, पण ती पडल्याचं बाकीच्यांना कळेपर्यंत जुनाच भाव चालू असतो. ज्याला काही सेकंद आधी कळलं त्याला चुकीच्या भावात सौदा करता येतो. समोरच्याची ही सरळ फसवणूक आहे.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर या डोंगरावर आहे. सट्ट्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसांनी दुपटीचं गणित मांडलं नाही. त्यांनी दुर्बीण घेतली. पैसा भाव आणि सत्य यांच्यातल्या फटीत असतो, रकमेच्या क्रमात नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. सामान्य माणूस मात्र उलट्या बाजूला असतो. तो टीव्ही पाहून चेंडूगणिक पैज लावतो, तेव्हा समोर कुणीतरी तोच चेंडू आधी पाहिलेला असू शकतो.

७. आकडेवारी म्हणजे किती आकडे?

“पण माझ्याकडे माहिती आहे” म्हणणाऱ्या तरुणाकडे आता वळू. त्याचा रस्ता तत्त्वतः बरोबर आहे. अडचण आकड्यांच्या संख्येची आहे.

गहुंज्यात २०२४ पर्यंत तीन कसोटी सामने झाले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारताला ३३३ धावांनी हरवलं, स्टीव्ह ओकीफने बारा बळी घेतले. २०१९ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला डाव आणि १३७ धावांनी हरवलं, विराट कोहलीने नाबाद २५४ केल्या. २०२४ मध्ये न्यूझीलंड ११३ धावांनी जिंकला, मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले. यावरून “गहुंज्यात भारत ३३ टक्के जिंकतो” असं मॉडेलमध्ये भरता येईल. गणित बरोबर, अर्थ शून्य. तीन सामन्यांत खेळपट्टी, संघ, नाणेफेक सगळं वेगळं होतं.

आता मॉडेलच्या यशाचं पाहू. शंभर पैजांत ५५ बरोबर आल्या तर मॉडेल चांगलं म्हणायचं का? शंभर माणसांना फक्त नाणं उडवून शंभर-शंभर अंदाज करायला लावले, तरी त्यांतल्या सुमारे अठरा जणांचे ५५ किंवा जास्त बरोबर येतील. त्या अठरांपैकी प्रत्येकाला वाटेल, पद्धत सापडली. कौशल्य आणि नशीब यांत थोडा विश्वासाने फरक करायला किमान ४०० पैजा लागतात. आयपीएलच्या हिशेबाने पाचांहून अधिक हंगाम. तोपर्यंत खेळाडू, नियम, मैदानं, सगळंच बदलून जातं.

८. केलीचं सूत्र

आता मानू की तुमचं मॉडेल खरंच चांगलं आहे. मग किती लावायचं? याचं नीट उत्तर १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी दिलं. सूत्र सोपं आहे: एका रुपयावर सरासरी किती सुटेल ते काढा, आणि जिंकल्यावर रुपयाला जे मिळतं त्याने भागा. भांडवलाचा तेवढाच भाग लावायचा.

भाव ९० पैसे, तुमचे अंदाज शंभरात ५५ बरोबर. रुपया-रुपयाच्या शंभर पैजांत ४९.५० येतील, ४५ जातील, सुटतील ४.५०. म्हणजे रुपयाला साडेचार पैसे. भागिले ९०. उत्तर विसावा भाग, शेकडा ५. एक लाख असतील तर ५,०००. हरलात तर उरले ९५,०००, पुढची पैज ४,७५०. नीट पाहा, हरल्यावर रक्कम कमी होते. दुपटीच्या अगदी उलट.

अंदाज शंभरात ५० बरोबर असतील तर? ४५ आले, ५० गेले. उत्तर उणे येतं. म्हणजे लावूच नका. चढत्या रकमेच्या कोणत्याही पद्धतीत हे “लावू नका” कधीच येत नाही.

आणि समजा तुम्ही ५५ मानलं, पण खरा आकडा ५३ होता. केलीच्या हिशेबाने लावण्याजोगा भाग शेकडा एकाहूनही कमी. तुम्ही मात्र दर वेळी शेकडा ५ लावताय. अशा ५०० पैजांत बरोबर अपेक्षेइतक्या, म्हणजे २६५ जिंकल्या, तरी लाखाचे साधारण ६८ हजार उरतात. बाजू तुमची असूनही, केवळ रक्कम जास्त लावली म्हणून भांडवल झिजतं. अंदाजातली दोन टक्क्यांची चूक एवढी महाग पडते, आणि आपला खरा आकडा दोन टक्क्यांत पकडणं किती अवघड ते आपण वर पाहिलं.

९. ज्याला जमलं, त्याला कसं जमलं

बिल बेंटर हे अमेरिकन गृहस्थ १९८०च्या दशकात हाँगकाँगला गेले आणि घोड्यांच्या शर्यतींचं मॉडेल बांधायला लागले. १९९४ मध्ये त्यांनी आपली पद्धत शोधनिबंधात मांडली. त्यांना कळलेली महत्त्वाची गोष्ट अशी की आपलं मॉडेल एकटं पुरत नाही. हजारो लोकांनी पैसे लावून ठरलेल्या भावातही माहिती असते, ती मॉडेलमध्ये मिसळावी लागते. रक्कम ठरवायला त्यांनी केलीचाच विचार घेतला, तोही हात राखून. हे सगळं एकाच ठिकाणी, कायदेशीर आणि पैसे नक्की देणाऱ्या संस्थेच्या खिडकीवर घडलं.

जगात इतरत्र सट्टा कंपन्या सतत जिंकणाऱ्याची रक्कम मर्यादित करतात किंवा खातं बंद करतात. गोव्यातल्या कॅसिनोच्या टेबलावरही जास्तीत जास्त किती लावता येईल ते ठरलेलं असतं. दुपटीची शिडी तिथे मध्येच संपते.

१०. कायदा, कर आणि वसुली

पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतीवर कायदेशीरपणे पैसे लावता येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती कौशल्याची बाब ठरवली. क्रिकेटला ही सवलत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे, त्यामुळे बुकीने जिंकलेले पैसे बुडवले तर कोर्टात दाद मागता येत नाही. सात वेळा दुप्पट करून अखेर जिंकलेली ती मोठी रक्कम हातात पडेलच, याची हमी कुणाचीच नाही.

कराचा हिशेब तर फार कमी लोक करतात. पैजेत जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. आपला ५५ टक्केवाला हुशार माणूस घ्या. शंभर-शंभरच्या शंभर पैजा. जिंकले ४,९५०, त्यावर कर १,४८५. हरले ४,५००. कर भरल्यावर त्याला १,०३५ रुपयांचा तोटा होतो.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. तो बळी आहे अशी कायद्याची भूमिका आहे, आणि ती मला योग्य वाटते.

म्हणून घरातल्यांना एक विनंती. घरातला कोणी “एवढे शेवटचे द्या, मागचं सगळं रिकव्हर करतो” म्हणत असेल तर तो दुपटीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर उभा आहे असं समजा. पैसे देऊ नका, ओरडूही नका. त्याच्या शेजारी बसून वरचा ९० पैशांचा हिशेब त्याच्याच हाताने कागदावर करून घ्या. आणि हिशेब पटूनही हात थांबत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.